झाडासमोर आकडा बोलू नये

मार्च लागला की मी बाल्कनीचं दार लावून घेते. लेक वैतागते. "मम्मा, इतनी अच्छी खुशबू आ रही है, बंद क्यों कर दिया?" तिला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की हिंदीच बाहेर पडते. मी सांगते, डास येतात. हे साफ खोटं आहे. चंदीगडचे डास काही दाराची वाट पाहत बसणाऱ्यांतले नाहीत. दार मी कुंडीतल्या किन्नूमुळे लावते. त्याला फुलं आलेली असतात आणि तो वास मला घरात नको असतो.

किन्नू म्हणजे इकडचं संत्रं. आमच्या नागपुरी संत्र्याचा पंजाबी चुलतभाऊ म्हणा. अंगाने दांडगा, रंगाने लालसर, साल घट्ट, आणि बिया इतक्या की खाणाऱ्याने वाटी घेऊनच बसावं. चवीबद्दल मी जास्त बोलणार नाही, बारा वर्षं त्याचं मीठ खाते आहे. पण फुलाचा वास दोघांचा एकच. वरूडला आमच्या घरामागे दुसऱ्या कोणाचा बगीचा होता. फेब्रुवारीत तो फुलला की वास भिंत ओलांडून यायचा, वाळत घातलेल्या कपड्यांत बसायचा, शाळेच्या दप्तरात बसायचा. वार्षिक परीक्षा आणि संत्र्याचं फूल माझ्या डोक्यात कायमचं एकत्र बांधलं गेलंय. तेव्हा तो वास आला की सगळं नीट चाललंय असं वाटायचं.

ह्या शहराची एक खोड आहे. इथे पानगळ वसंतात होते. बाकीचा देश होळीच्या तयारीला लागलेला असतो आणि इथल्या रुंद, सरळ रस्त्यांवरून पिवळी पानं वाहत असतात. झाडूवाल्या बायका सकाळी ढीग लावतात, दुपारच्या वाऱ्याने ढीग पुन्हा रस्ताभर. नवीन आलेला माणूस म्हणतो, काय सुंदर. मीही म्हणायची. आता ऑफिसला आयटी पार्ककडे जाताना त्या पानांवरून गाडी गेली की चुरचुर आवाज येतो, आणि मला बलकारसिंगांच्या बागेतली एका डिसेंबरची जमीन आठवते.

पण असं मधूनच नको. आधी मी काय करते ते सांगते, कारण ते माझ्या सासूबाईंनाही अजून नीट कळलेलं नाही. त्या शेजारणींना सांगतात, "सून ज्यूसच्या कंपनीत आहे," आणि शेजारणी मला विचारतात, मिक्सर कोणता घ्यावा. रस काढणं माझं काम नाही. रस किती निघेल हे आधी सांगणं माझं काम आहे. किन्नू कारखान्यात येतो हिवाळ्यात, डिसेंबरपासून पुढे. पण किती येणार हे कारखान्याला वसंतातच हवं असतं. किती पाळ्या लावायच्या, किती टाक्या धुऊन ठेवायच्या, रस बाहेरून मागवावा लागेल का, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणजे फळ अजून फुलात असतं आणि मी त्याचा रस मोजत असते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ना, मला पगार त्या भटाचा मिळतो.

सुरुवातीला आम्ही बागांत जाऊन फांद्यांना लाल फिती बांधायचो. त्या फांदीवरची फुलं मोजायची, त्यावरून झाड, झाडांवरून बाग, बागांवरून जिल्हा. आता वरून ड्रोन फिरतो. ऑफिसात पडद्यावर बाग दिसते. हिरवं ते पान, पांढरं ते फूल. जितकं पांढरं जास्त तितका आकडा मोठा. मागचे सगळे हंगाम आम्ही संगणकाला शिकवून ठेवलेत, त्यावरून तो पुढचा सांगतो. चहा पीत पीत पार पंजाबच्या टोकाला असलेल्या अबोहरकडच्या सगळ्या बागा माझ्या एका सकाळी पाहून होतात. पायाला माती लागत नाही.

माझ्या बाबांच्या पायाला मात्र लागायची. त्यांचंही काम हेच होतं. व्यापाऱ्याला उभा बगीचा घ्यायचा असला की तो आधी बाबांना बोलवायचा. बाबा बगिच्याच्या तोंडाशी चपला काढत, हात मागे बांधत आणि चालायला लागत. बोलायचं नाही. बोट दाखवायचं नाही. फळ तोडून खायचं तर नाहीच. मध्येच एखाद्या झाडाशी थांबून फांद्या दोन्ही हातांनी बाजूला करत आणि आत डोकं घालत. मी लहानपणी बरोबर जायची तेव्हा ते मलाही आत डोकं घालायला लावत. "वरून झाड कोनालेबी गोड दिसते," म्हणायचे. "पोटात पाहा लागते." पोटात काय पाहायचं, तर सल. आतल्या बाजूला वाळून गेलेल्या बारीक काड्यांना आमच्याकडे सल म्हणतात. सल किती, त्यावरून झाडात जीव किती हे कळतं.

आणि आकडा ते बगिच्यात कधीच सांगत नसत. व्यापारी मागे लागायचा, मालक तोंडाकडे पाहत उभा असायचा. बाबा चपला घालून पार सडकेवर यायचे, तोंड धुवायचे, चहा मागवायचे आणि मग सांगायचे. मी विचारलं तर एवढंच म्हणायचे, "झाडासमोर आकडा बोलू नाई, पोरी." मला वाटायचं, दृष्ट लागते म्हणून. पुढे शिकले, सांख्यिकीत एमएस्सी झाले, आणि ही गोष्ट मी मैत्रिणींना हसत सांगायला लागले.

तो वसंत तीन वर्षांपूर्वीचा.

त्या हिवाळ्यात अबोहरकडचा कालवा, इकडे नहर म्हणतात, दुरुस्तीसाठी बंद झाला आणि ठरल्यापेक्षा बराच जास्त दिवस बंद राहिला. जमिनीतलं पाणी तिकडे खारं. बागांची पानं मलूल होऊन गुंडाळली गेली. फेब्रुवारीच्या शेवटी नहरेला पाणी आलं, बागांनी ते घटाघटा घेतलं, आणि मार्चमध्ये अख्खा पट्टा असा फुलला की ड्रोनच्या चित्रात हिरवं शोधावं लागत होतं. ऑफिसात सगळे पडद्याभोवती जमले. आमच्या प्रॉडक्शनचे भाटियाजी म्हणाले, "ये तो बर्फ पड़ गई यार." संगणकाने जो आकडा दिला तो त्याने कधीच दिलेला नव्हता. इतका मोठा की आम्हीच घाबरलो. मग ठरलं, कोणीतरी जाऊन डोळ्यांनी पाहून यावं. मी म्हटलं, मी जाते.

मला जायचंच होतं. खरं सांगू, मला तोरा मिरवायचा होता. बाकीचे सगळे संगणकवाले. संत्र्याच्या देशातून आलेली मी एकटी. आणि मला त्या आकड्याचं कारण कळलं होतं, किंवा कळलं असं वाटलं होतं. आमच्याकडे बहार हवा असला की झाडाला ताण देतात. म्हणजे मुद्दाम पाणी तोडतात. झाड तहानतं, पान मलूल होतं, मग पाणी दिलं की ते भरभरून फुलतं. हे वरूडचं शाळकरी पोरही सांगेल. पंजाबात असं कोणी करत नाही, त्यांना ह्याचं काही माहीत नाही. मी बसमध्ये बसल्या बसल्या मनात म्हणत होते, नहर बंद पडली आणि ह्यांना फुकटात ताण मिळाला.

बलकारसिंगांची बाग आमच्या लाल फितींच्या दिवसांपासूनची. सत्तरीचे, उंच, पांढरी पगडी, बोलताना समोरच्याकडे न पाहता झाडाकडे पाहायची सवय. बाग तीस वर्षांची. पहिले दोन उन्हाळे त्यांच्या बायकोने, बीबीजींनी, नहरेवरून घागरीने पाणी आणून रोपं जगवलेली. मी गेले तेव्हा बीबीजी घराजवळच्या ओळीत उभ्या होत्या, हातात लांब बांबू, त्याच्या टोकाला जुनी ओढणी गुंडाळलेली, झाडाची साल दुखावू नये म्हणून.

चहा झाला. मग बलकारसिंग मला बागेत घेऊन गेले. आत शिरलो आणि वासाने डोकं जड झालं. पायाखाली पाकळ्या, डोक्यावर मधमाशा, पान दिसायला तयार नाही. मी आयुष्यात तेवढं फूल पाहिलेलं नव्हतं. ते मात्र खूश दिसत नव्हते. एका झाडावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, तू पढ़ी-लिखी है. बीबी कहती है झाड़ दो, आधा फूल झाड़ दो. बूटा थका हुआ है. तू बता, रखें के झाड़ दें?"

बूटा म्हणजे झाड. झाड थकलंय, एवढंच बीबीजींचं म्हणणं होतं. फूल पाडून टाका, म्हणजे त्याला तेवढी फळं पोसावी लागणार नाहीत, ते जगेल. आणि मी हसले. चांगलं आठवतंय, मी हसले. मी त्यांना ताण समजावून सांगितला. म्हटलं, अंकलजी, आमच्याकडे ह्यासाठी लोक झाडाला मुद्दाम उपाशी ठेवतात, तुम्हाला न मागता मिळालंय, आणि तुम्ही झाडून टाकता? त्यांनी विचारलं, "पक्का?" आणि मी तिथेच, त्या झाडाला हात लावून, त्यांच्या बागेचा आकडा सांगितला. झाडामागे किती फळ, सगळ्या बागेत किती. खडाखडा. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. त्यांनी आकडा एकदा स्वतःशी म्हणून पाहिला. मग हाक मारून बीबीजींना सांगितलं, बांबू ठेवून दे.

बीबीजींनी ऐकलं नाही. म्हणाल्या, घराजवळची ओळ माझी, तिच्यात मी काय करायचं ते करीन. मी परत निघाले तेव्हा त्या बांबू मारत होत्या आणि पांढरं फूल त्यांच्या पाठीवर पडत होतं. मला वाईट वाटलं. कायले नासवून राहिली ही बाई, असं मनात आलं. मी एकाही झाडाच्या पोटात डोकं घातलं नाही. फूल इतकं होतं की फांदी बाजूला करायला मन होईना. आणि वरून तर मी सगळं पाहिलेलंच होतं.

आता खरी गोष्ट. आकडा बरोबर आला.

लोकांना वाटतं, अंदाज चुकला म्हणून ही बाई रडते आहे. नाही. माझा अंदाज चुकला असता तर मी आज दार उघडं ठेवून बसले असते. जूनच्या उन्हात फळगळ झाली, पण आम्ही धरली होती तेवढीच. ऑक्टोबरात मोजलं, बरोबर. डिसेंबरात किन्नू यायला लागला तो थांबेचना. फळ मात्र लहान होतं, लिंबाहून थोडं मोठं, फिकट. मंडीत त्याला कोणी हात लावेना, म्हणून ते सगळं आमच्याकडे आलं. कारखान्याला काय, साल निघाली की रस तो रस. गाड्यांची रांग फाटकाबाहेर. भाटियाजींनी ऑफिसात बर्फी वाटली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नंबर हो तो मॅडम जैसा." मी बर्फी खाल्ली. चांगली होती.

किन्नूच्या रसाची एक खोड आहे. काढल्या काढल्या गोड लागतो, आणि ठेवला की थोड्या वेळाने कडू होतो. म्हणून इथे रेहडीवाले, म्हणजे हातगाडीवाले, गिऱ्हाईक समोर उभं असल्याशिवाय रस काढत नाहीत. कारखान्यात तो कडूपणा काढायची सोय आहे, चाखणारी माणसं आहेत. त्या वर्षी चाखणाऱ्यांतला एक जुना माणूस मला म्हणाला की ह्या वेळचा रस लवकर कडू होतोय, कारण कळत नाही. मी त्याची नोंद केली आणि पुढच्या कामाला लागले.

डिसेंबरच्या शेवटी फळांचे नमुने घ्यायला मी अबोहरकडे गेले. धुकं होतं. बलकारसिंगांच्या बागेशी उतरले तेव्हा मला आधी वाटलं, धुक्यामुळे पानं दिसत नाहीत. जवळ गेले. पानं नव्हतीच. काळ्या वाळक्या फांद्या, आणि त्यांवर फळं. झाडभर फळं, लहान, पिवळी, मोजून घ्यावीत अशी. पान एक नाही. खाली जमिनीवर वाळल्या पानांचा थर, पाय ठेवला की चुरचुर. मी एका झाडाशी गेले आणि फांद्या बाजूला करायला हात घातला, तर फांदी हातात आली. कट्ट. सगळं झाड पोटातून सलच झालं होतं. पुढचं झाड, तेच. त्याच्या पुढचं, तेच. धुक्यात जिथवर दिसत होतं तिथवर मेलेल्या झाडांनी माझा आकडा धरून ठेवला होता.

बलकारसिंग आले. मोडलेली फांदी माझ्या हातातच होती. तेच बोलले, आणि त्यात टोमणा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "तूने ठीक ही कहा था बेटा. फल तो उतना ही आया." मग त्यांनी झाडावर हात ठेवला, नेहमीसारखा.

घराजवळची बीबीजींची ओळ तेवढी हिरवी होती. बारा झाडं.

नवरा माझा इथल्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टर. त्याला सांगितलं तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं नाही. म्हणाला, कितीतरी पेशंट जायच्या आदल्या दिवशी उठून बसतात. चहा मागतात, घरच्यांना नावाने ओळखतात, नातेवाईक आनंदाने फोन करत सुटतात. "विझताना दिवा मोठा होतो म्हणतात ना, तसं. आम्हाला कळतं, पण आम्ही बोलत नाही." मी विचारलं, का बोलत नाही? तो म्हणाला, "तेवढा एक दिवस त्यांना मिळू दे, म्हणून." मग जेवायला बसलो. मला वाटलं, तुमचं बरं आहे. तुम्हाला निदान कळतं तरी.

बाबांना सांगायला मला महिना लागला. फोनवर सगळं सांगितलं, अगदी झाडाला हात लावून आकडा बोलले तेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो ताण नव्हता, पोरी. आपन देतो तो उपास. झाड धडधाकट पाहून देतो, रोज पान पाहतो, वेळेवर सोडतो. त्याईची झाली ती उपासमार." मी म्हटलं, बाबा, आणि ते आकडा बोलू नये, ते दृष्ट लागते म्हणून ना? तर म्हणाले, "दृष्ट कायची? झाडाले काई समजत नाई. पन मालक तिथंच उभा असते ना. त्याच्या कानात एकदा आकडा गेला का मंग तो झाड पाहत नाई, आकडाच पाहते." एवढं वाक्य मला लहानपणीच सांगितलं असतं तर? पण मी तेव्हा विचारलंच कुठे होतं. आणि सांगितलं असतं तरी मी एमएस्सी होणारच होते.

ह्या वर्षी पुन्हा तसंच झालं. हिवाळ्यात पाऊस नाही, नहर बंद, पानं मलूल. मग पाणी, आणि गेल्या आठवड्यात चित्रं आली. पांढरी. तीन वर्षांपूर्वी होती त्याहून पांढरी. संगणकाने पापणी न लवता आकडा दिला. त्याला खात्री आहे, कारण तीन वर्षांपूर्वीचा हंगाम त्याचा सगळ्यात बरोबर आलेला हंगाम आहे. आम्हीच त्याला शिकवलंय, पांढरं म्हणजे भरपूर. पुढल्या वर्षी त्या जागी काय उरलं हे त्याला कोणी विचारलेलं नाही. मेलेल्या बागा आम्ही यादीतून काढून टाकतो. यादीत नाही ते चित्रात नाही.

मी आकड्याखाली दोन ओळी लिहिल्या. की झाडं थकलेली असण्याची शक्यता आहे, बागवाल्यांना निम्मं फूल पाडायला सांगावं. भाटियाजींनी खुर्ची जवळ ओढली. गोड बोलतात ते. "मॅडम, ये रिमार्क हटा दो जी. हमसे फोरकास्ट मांगा है, डॉक्टरी नहीं. निम्मं फूल पाडलं तर तुमच्याच नंबरचं काय होईल?" हे शेवटचं अर्थात ते हिंदीत म्हणाले, पण मला ते माझ्याच भाषेत ऐकू आलं. मग त्यांनी विचारलं, "नंबर पक्का है ना?" मी म्हटलं, पक्का. आणि त्या दोन ओळी काढल्या. त्यांनी नाही काढल्या, मी काढल्या. कोणी हात धरला नव्हता. घरी येऊन बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि लेकीवर उगाचच ओरडले.

झोप नावापुरती झाली. शनिवारी पहाटे सेक्टर ४३ च्या स्टँडवर जाऊन अबोहरची बस धरली. कंपनीला सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही नव्हतंच. खिडकीशी बसले. सूर्य वर आला तशी गव्हाची शेतं दिसली, मग दुपारी बागा सुरू झाल्या, आणि बंद खिडकीच्या फटीतून वास आत आला. बसमधल्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, किती छान. एकीने तर खिडकी उघडली.

बलकारसिंगांची बाग आता नाही. तिथे गहू आहे. ते दारात खाटेवर बसले होते, त्यांनी मला ओळखलं, "आ बेटा," म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले. बीबीजी ओळीत होत्या. बारा झाडं, आणि बाराही पांढरीशुभ्र. हातात तोच बांबू, टोकाला ओढणी. पण बांबू जमिनीला टेकवलेला, आणि त्या नुसत्याच झाडाकडे पाहत उभ्या.

मला पाहून त्यांनी खमिसाच्या खिशातून फोन काढला. म्हणाल्या, "तुम्हारी कंपनी का मैसेज आया है, बेटा. सबको आया है." मी पाहिला. शुक्रवारी संध्याकाळीच गेला होता. कंपनीचं चिन्ह, हात जोडलेले, खाली माझा आकडा. आणि त्याखाली, यंदाचा हंगाम विक्रमी आहे, फुलांची काळजी घ्या. म्हणजे मी एका झाडासमोर बोलले होते ते ह्या वेळी सगळ्या झाडांसमोर एकदम बोलले होते.

बीबीजी म्हणाल्या, "उस साल मैंने झाड़ दिया था, तूने मना किया था. फल तो आया सबको. मेरा ही कम आया." मग ओळीकडे मान केली. "अब ये बारह ही हैं. इस बार रख लूं?"

तीन वर्षांपूर्वी ज्या बाईने माझं ऐकलं नव्हतं ती आता मला विचारत होती. मी चपला काढल्या. पहिल्या झाडाशी गेले, दोन्ही हातांनी फांद्या बाजूला केल्या आणि आत डोकं घातलं. बाहेर इतका उजेड होता की आधी काही दिसेना. मग दिसलं. आत, खोडाच्या जवळ, बारीक काड्या, राखाडी, वाळलेल्या. एक मोडून पाहिली. कट्ट.

बाहेर आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना सांगावं लागलं नाही. पण त्यांच्या हातून बांबू उचलेना, तो मीच घेतला. पहिला फटका मारला तेव्हा जीव तुटला, खरंच सांगते. फूल डोळ्यांत गेलं, पदरात गेलं, मधमाश्या उठल्या. बलकारसिंग पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभे होते. पाचव्या झाडाशी मी दमले तेव्हा बीबीजींनी बांबू घेतला. मग त्या, मग मी. बारा झाडं व्हायला उन्हं कलली. जमीन पांढरी झाली आणि झाडं पुन्हा हिरवी, थोडी उघडी, थोडी केविलवाणी दिसायला लागली.

कुंपणाशी जाऊन मी तोंड धुतलं. रस्त्यापलीकडे दुसऱ्याची बाग होती, तिच्यामागे आणखी एक, नजर जाईल तिथवर पांढरं. संध्याकाळचा वारा सुटला होता आणि वास चारी बाजूंनी येत होता. त्या बागेचा मालक, मला लाल फितींच्या दिवसांपासून ओळखणारा, फाटकाशी फोन हातात धरून उभा होता. त्याने मला बांबू घेऊन उभी पाहिलं आणि हसला, मी त्या वेळी हसले होते तसाच. मग लांबून ओरडून विचारलं, "क्यों जी, नंबर पक्का है ना?"

पक्का आहे. ह्याही वर्षी तो बरोबर येईल.